चकाकी साच्याची, कौतुक वस्तूचे



स्मरणिकेत दरवर्षी कविता असतात, प्रवासवर्णने असतात, पाककृती आणि मुलांची चित्रे असतात. यंदा समितीच्या सदस्यांनी "तुमच्या कामातलं काहीतरी लिहा" असा धोशाच लावला. रेल्वेतला डिप्लोमा इंजिनियर लिहून लिहून काय लिहिणार? आमचे लिखाण म्हणजे तपासणी अहवाल आणि पुरवठादारांना पाठवायची पत्रे. पण गेल्या वीस वर्षांत डब्यांच्या आतल्या फायबरच्या वस्तू तपासताना एका गोष्टीने मला फार गुंतवून ठेवले आहे. ती म्हणजे या वस्तूंवरची चकाकी. ती येते कुठून, माणसाने ती मिळवली कशी, आणि तिची किंमत कोण मोजते, हे आज सांगतो. विषय रुक्ष वाटेल, पण शेवटी तो आपल्या मांडवापर्यंत येतो. तेवढा धीर धरावा ही विनंती.

आजोबा, बाप आणि नातू

घरी कपाट करून घेतो तेव्हा आधी कपाट उभे राहते आणि सगळ्यात शेवटी पॉलिशवाला येतो. फायबरच्या वस्तूचे काम बरोबर उलटे चालते. इथे वरचा रंगीत, चकचकीत थर सर्वांत आधी लावतात, तोही हवेत. वस्तू अजून जन्मालाच आलेली नसते!

आधी वस्तूच्या आकाराचा एक भरीव नमुना करतात. त्याला पॅटर्न म्हणतात. लाकूड, एमडीएफ, प्लास्टर, लांबी अशा मिळेल त्या साहित्यातून तो घडवतात. पॅटर्नवर फायबरचे थर चढवून साचा तयार होतो. मग साच्याच्या आतल्या बाजूला मेण घासून रंगीत पॉलिएस्टरचा थर फवारतात. हा जेलकोट. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्याच्या पाठीवर काचतंतूंची मॅट आणि रेझिन यांचे थर रोलरने दाबत बसवतात. सगळे कडक झाले की वस्तू साच्यातून सोडवतात, आणि ती चमकतच बाहेर येते. तिला कोणी पॉलिश केलेले नसते. पॉलिश केलेला असतो तो साचा, आणि साच्याला ती चमक मिळालेली असते पॅटर्नकडून.

म्हणजे पॅटर्न हा आजोबा, साचा हा बाप आणि वस्तू हा नातू. आजोबांच्या गालावर खळी असली तर ती शंभर नातवांच्या गालावर उतरणार. आणि गंमत अशी, की आपण कौतुक करतो ते नातवाचे. आजोबा केव्हाच तोडून-फोडून भंगारात गेलेले असतात.

आपण तमिळ मुलखात राहतो म्हणून एक तुलना सुचते. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैचे स्थपती आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर कावेरीची माती लिंपतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत पंचधातू ओततात. मग मातीचा साचा फोडावा लागतो. तिथे एका मूर्तीसाठी एक साचा खर्ची पडतो. फायबरच्या धंद्यात साचा जगला पाहिजे. नीट सांभाळला तर एकाच साच्यातून शंभराहून अधिक नग निघतात. म्हणूनच पॅटर्नवरच्या चकाकीला एवढे महत्त्व. तिथली एका दिवसाची मेहनत शंभर वेळा वसूल होते, आणि तिथला एका दिवसाचा आळसही.

रंग काढणाऱ्याने दिलेली देणगी

पॉलिएस्टर हा शब्द ऐकला की आपल्याला साडी किंवा शर्टाचे कापड आठवते. आपले पॉलिएस्टर त्याच कुळातले, पण काकाबापूंच्या घरातले. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८४७ साली टार्टारिक आम्ल आणि ग्लिसरीन एकत्र तापवून एक राळेसारखा पदार्थ केला. ही या कुळाची सुरुवात. पुढे पाऊण शतकाहून अधिक काळ अशा रेझिनचा उपयोग मर्यादितच राहिला, कारण ती कडक व्हायला फार वेळ घेत.

अमेरिकेतल्या कार्लटन एलिस या माणसाने १९३०च्या दशकात ही कोंडी फोडली. एलिसच्या नावावर साडेसातशेहून जास्त पेटंटे आहेत. तरुणपणी त्याने नाव कमावले ते जुना रंग आणि व्हार्निश काढून टाकणाऱ्या द्रावणावर. त्याच माणसाने पुढे चकाकीचे दार उघडावे, हा एक योगायोगच! त्याच्या लक्षात आले, की दाट असंतृप्त पॉलिएस्टरमध्ये स्टायरिनसारखा पातळ, क्रियाशील द्रव मिसळला तर दोन कामे होतात. रेझिन पातळ होऊन ब्रशने लावता येते, आणि कडक होताना तोच द्रव साखळ्यांना साखळ्या जोडून स्वतः त्या जाळ्याचा भाग होतो. यावरचा त्याचा अर्ज १९३७चा. पेटंट मिळाले १९४१ साली, आणि त्याच वर्षी तो वारला.

याच सुमारास काचेचे धागेही सापडले. १९३२ साली ओहायो राज्यात डेल क्लाइस्ट हा तरुण काचेचे ठोकळे वितळलेल्या काचेने जोडण्याचा प्रयत्न करत होता. हवेचा झोत काचेच्या धारेवर बसला आणि बारीक तंतूंचा पाऊस पडला. त्याचे वरिष्ठ गेम्स स्लेटर यांनी त्याचे महत्त्व ओळखले. १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली. रेझिन आणि काचतंतू यांची गाठ पडली ती दुसऱ्या महायुद्धात. विमानाच्या रडारवर झाकण हवे होते, आणि धातूतून रेडिओलहरी जात नाहीत. फायबरमधून त्या आरपार जातात. १९४२ साली रे ग्रीन याने ओहायोत याच द्रव्याची छोटी बोटही करून पाहिली.

हवेशी भांडण

इथे एक अडचण उभी राहिली, आणि माझ्या मते चकाकीचा खरा इतिहास या अडचणीचाच आहे.

पॉलिएस्टर हवेत उघडे राहिले की आतून दगडासारखे कडक होते, पण वरून चिकटच राहते. बोट लावले की ठसा उमटतो. कारण हवेतला ऑक्सिजन. रेझिन कडक होते ते मुक्त मूलकांच्या साखळीप्रक्रियेने. ऑक्सिजन या मूलकांना पृष्ठभागावरच पकडून निष्क्रिय करतो. म्हणून वरचा पातळ पापुद्रा अर्धवट राहतो. सुरुवातीच्या काळात यावर उपाय म्हणून रेझिनवर सेलोफेनचा कागद पसरत, म्हणजे हवा लागत नसे.

साच्यात जेलकोट फवारला की त्याची चमकणारी बाजू साच्याला टेकलेली असते. तिथे हवा नाही, म्हणून ती पूर्ण कडक होते. पाठीमागची उघडी बाजू किंचित चिकट राहते, आणि ते सोयीचेच असते, कारण पुढचा थर तिला घट्ट धरतो. पण पॅटर्नचे काय? त्याच्यावर कुठला साचा नाही. त्याचा पृष्ठभाग चारी बाजूंनी उघडा. त्याच्यावर साधा जेलकोट मारला तर वरचा थर चिकट राहणार. पॉलिश पेपर लावला तर कागद दोन मिनिटांत भरून जाणार. आरसा राहिला बाजूलाच, हाताला गोंद लागायचा!

पहिला तोडगा मेणाचा निघाला. रेझिनमध्ये थोडेसे पॅराफिन मेण विरघळवतात. रेझिन गरम होऊन घट्ट होऊ लागले की मेण वर तरंगते आणि हवेला आडवा पडदा लावते. अशा मेणमिश्रित जेलकोटला टॉपकोट म्हणतात. तो उघड्यावरही कडक होतो. पण मेणाची साय वर आल्याने तो मंद दिसतो, आणि त्याच्यावर दुसरा थर धरत नाही. आधी ती साय पेपरने घासून काढावी लागते, मग बफिंग करून चमक आणावी लागते.

युरोपात हे तंत्र फर्निचरवाल्यांनी आणि पियानोवाल्यांनी उचलले. काळ्याभोर पियानोवर आपला चेहरा दिसतो ना, ती चमक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बहुतेक कारखान्यांत पॉलिएस्टरची असते. जाड थर द्यायचा, घासायचा, पुन्हा घासायचा आणि मग बफ करायचा. पुढे रसायनतज्ज्ञांनी रेझिनच्या रेणूतच अॅलिल ईथरसारखे गट बसवले. हे गट ऑक्सिजनशी भांडण्याऐवजी त्यालाच कामाला लावतात. त्यामुळे मेणाशिवायही पृष्ठभाग वाळतो आणि चमक सुरुवातीपासूनच दिसते. पॅटर्नवर आणि जुन्या साच्यांवर मारण्याचे चकाकीचे पॉलिएस्टर टॉपकोट या विचारातून आले.

गाड्या, बोटी आणि एक वेगळी कंपनी

युद्ध संपले आणि रेझिन नागरी बाजारात आले. कोबाल्टचा क्षार आणि मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड या जोडीमुळे ते भट्टीशिवाय, साध्या तापमानात कडक होऊ लागले. पेरॉक्साइडला आमच्या शेडमध्ये सगळे नुसते 'हार्डनर' म्हणतात.

१९५३च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात शेव्हरोलेने कॉर्व्हेट ही गाडी दाखवली, आणि ३० जून १९५३ रोजी फ्लिंट येथे तिचे उत्पादन सुरू झाले. त्या वर्षी ३०० गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या. अंगे फायबरची. पत्र्यासाठी पोलादी डाय करायला लागणारा वेळ आणि पैसा फायबरच्या साच्यांना लागत नाही, हे त्यामागचे गणित. १९५९च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात पिअर्सन या चुलत भावांनी ट्रायटन ही २८ फुटी शिडाची बोट मांडली. किंमत १० हजार डॉलरच्या आत. तिच्या सातशेहून अधिक प्रती निघाल्या. एक आजोबा आणि सातशे नातवंडे!

इंग्लंडमध्ये हे रेझिन बनवण्यात स्कॉट बेडर ही कंपनी आघाडीवर होती. तिचा संस्थापक अर्नेस्ट बेडर हा मूळचा स्विस. त्याने १९५१ साली कंपनीची मालकी कामगारांच्या समाईक संस्थेकडे सोपवायला सुरुवात केली. शूमाखर यांच्या १९७३च्या 'स्मॉल इज ब्यूटिफुल' या पुस्तकात या प्रयोगाची सविस्तर हकीकत आहे. जेलकोट आणि रेझिन बनवणाऱ्या हातांचाच कारखान्यावर हक्क असावा, असे एका मालकाला वाटले, ही गोष्ट मला कॉर्व्हेटपेक्षा मोठी वाटते.

पॅटर्नवर काय मारायचे?

पूर्वी पॅटर्न लाकडाचे असत. त्यांवर लाख, सेल्युलोज लॅकर किंवा गाडीचा रंग मारून चमक आणत. दिसायला सुंदर. पण त्यावर साच्यासाठी जेलकोट फवारला की त्यातले स्टायरिन खालच्या लॅकरला चावते. रंग फुगतो, त्याला सुरकुत्या पडतात आणि साचा पॅटर्नला चिकटून बसतो. शिवाय कडक होताना रेझिन तापते, आणि जाड थर असेल तर चांगलेच तापते. महिनाभराची मेहनत एका दुपारी वाया जाते.

म्हणून पॅटर्नवरही पॉलिएस्टरच मारायचे, असा निष्कर्ष निघाला. पूर्ण कडक झालेल्या पॉलिएस्टर किंवा व्हिनिलएस्टरला स्टायरिन सहजासहजी विरघळवू शकत नाही. आज चांगल्या शेडमध्ये काम साधारण असे चालते.

आधी पॅटर्नची भोके बुजवून तो पूर्ण बंद करतात. प्लास्टरमध्ये किंवा एमडीएफमध्ये ओलावा राहिला तर वरचा थर फोड धरतो. मग घासायला सोपा असा पॉलिएस्टर प्रायमर फवारतात आणि तो २२०, ३२०, ४०० नंबरच्या पेपरने क्रमाने घासतात. त्यावर टॉपकोटचे हलके हात, दोन हातांत थोडे अंतर ठेवून, एकूण जाडी अर्धा मिलिमीटरच्या आत-बाहेर. हार्डनर साधारण दोन टक्के. फार कमी घातला किंवा थर फार पातळ पडला तर तो अर्धवट कडक होतो, आणि पुढचा थर आला की त्याला मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात. मग ६००, ८००, १०००, १२०० असा पाण्याबरोबर पेपर. प्रत्येक नंबरची दिशा आधीच्याला काटकोनात, म्हणजे जुना ओरखडा उरला आहे का ते दिसते. घाई करून मधला नंबर गाळला तर त्याचा ओरखडा बफिंगनंतर भुतासारखा वर येतो.

यातले शास्त्र साधे आहे. दृश्य प्रकाशाच्या लहरीची लांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. पृष्ठभागावरचे खाचखळगे याहून पुष्कळ बारीक झाले तरच प्रकाश एका दिशेने परततो आणि आरसा दिसतो. १२०० नंबरच्या पेपरचा कण साधारण १५ मायक्रॉनचा असतो. म्हणून नुसत्या पेपरने कधीच आरसा होत नाही, शेवटचे काम बफ आणि पॉलिशिंग कंपाउंडचे. त्यावर कार्नोबाचे मेण, म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे मेण, पाच-सहा वेळा चढवायचे. तेव्हा कुठे साचा सुटा होतो.

एक गोष्ट तरुण सहकाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळायचा, हार्डनर मागाहून.

काही वर्षांपूर्वी एका पुरवठादाराच्या शेडमध्ये तपासणीला गेलो होतो. तिथले साचे करणारे वयस्कर कारागीर पॅटर्नवरून डोळे मिटून तळहात फिरवत होते. मी ट्यूबलाइट तिरकी धरून प्रतिबिंबाची रेघ वाकडी होते का ते पाहत होतो. त्यांनी एका जागी बोट ठेवले आणि म्हणाले, "इथे, सार." मला काही दिसत नव्हते. खडूची भुकटी चोळून पेपर फिरवला, तर नेमकी तिथेच रुपयाएवढी खोलगट जागा राहिली. "कण्णाडि मादिरि इरुक्कणुम, सार," ते हसून म्हणाले. म्हणजे, आरशासारखे असायला हवे. त्यांचे शिक्षण सहावी. माझ्या डिप्लोम्याच्या कुठल्याच पुस्तकात तळहाताचा धडा नव्हता.

आपल्या देशात

भारतात काचतंतू तयार करणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांत ठाण्याची फायबरग्लास पिल्किंग्टन होती. ठाण्याकडच्या मंडळींना हे नाव आठवेल. बेंगळुरूच्या सिपानींनी सत्तरच्या दशकात 'बादल' ही तीनचाकी आणि १९८२ साली इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून 'डॉल्फिन' ही गाडी आणली. दोन्हींची अंगे फायबरची. धंदा फार फुलला नाही, पण साचे करणारे हात देशात तयार होत गेले.

आपल्या या किनाऱ्यावर तर फायबरने एक जीवनपद्धतीच बदलली. ऐंशीच्या दशकात बंगालच्या उपसागराच्या आंतरराष्ट्रीय मत्स्यविकास कार्यक्रमातून, ज्याचे मुख्यालय इथे मद्रासलाच होते, लाटांतून थेट वाळूवर येणाऱ्या फायबरच्या बोटी घडवल्या गेल्या. ओंडके बांधून केलेल्या कट्टुमरमची जागा हळूहळू त्यांनी घेतली. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर मदतीच्या पैशातून मोठ्या संख्येने फायबर बोटी वाटल्या गेल्या. मागणी एकदम वाढली, रातोरात नवी यार्डे निघाली, आणि काही बोटींच्या दर्जाबद्दल जाणकारांनी चिंता व्यक्त केली. वरून सगळ्या सारख्याच चमकत होत्या. चकाकी साच्यातून फुकट उतरते, पण पाठीमागे मॅटचे थर किती दिले आणि रोलर किती फिरवला, हे ती सांगत नाही. समुद्र मात्र ते विचारतो.

आमच्या रेल्वेतही तेच. पेरांबूरचा आयसीएफ कारखाना २ ऑक्टोबर १९५५ रोजी सुरू झाला, तेव्हा डब्यात लाकूड आणि लॅमिनेट होते. आज शौचालयाचा अख्खा कप्पा, खिडकीभोवतीची चौकट, छताचे पॅनल असे बरेच काही फायबरचे असते. साधे पॉलिएस्टर काळा धूर ओकत जळते, म्हणून डब्यासाठी त्यात अग्निरोधक द्रव्ये घालावी लागतात आणि ज्वाला, धूर व विषारी वायू अशा तिन्ही कसोट्या लावाव्या लागतात. चकाकी पाहून आम्ही माल पास करत नाही, तुकडा कापून जाळून पाहतो.

२०१८ साली आयसीएफमध्ये ट्रेन १८ तयार झाली. तीच पुढे वंदे भारत. तिचे नाक फायबरचे. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई-गांधीनगर वंदे भारतला अहमदाबादजवळ म्हशींचा कळप आडवा आला, नाक फुटले आणि देशभर चेष्टा झाली. खरे तर पुढचे झाकण हलके असून पटकन बदलता येते, आणि ते लगेच बदललेही गेले. साचा शाबूत असला की नवे नाक काढायला वेळ लागत नाही. टीव्हीवर फुटलेले नाक दिसले, साच्यावर पेपर फिरवणारे हात कुणालाच दिसले नाहीत.

किंमत कोण मोजतो?

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते सांगतो.

फायबरच्या शेडमध्ये शिरताच एक गोडसर, उग्र वास येतो. तो स्टायरिनचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरिनला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले. डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, सुस्ती हे तर रोजचेच. घासकामात काचेची आणि रेझिनची भुकटी उडते ती वेगळी. धूळ अडवणारा साधा मास्क वासाला अडवत नाही. त्याला कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचा असतो तो हवा बाहेर ओढणारा पंखा. चकाकीसाठी शेड बंद ठेवतात, कारण वाऱ्याने धूळ बसते. जितकी चकाकी हवी, तितकी हवा कोंडलेली! हा व्यवहार मला खटकतो. फवारणीची खोली वेगळी करून, गाळलेली हवा आत आणि वाफ बाहेर अशी सोय केली तर दोन्ही साधते. खर्च येतो एवढेच. बेडरसारखा मालक प्रत्येकाला मिळत नाही. पण माल घेणारा तरी हा प्रश्न विचारू शकतो.

दुसरी गोष्ट. पॉलिएस्टर एकदा कडक झाले की पुन्हा वितळत नाही. बादली वितळवून दुसरी बादली होते, फायबरची मूर्ती वितळवून दुसरी मूर्ती होत नाही. ती मातीत मिसळत नाही, पाण्यात विरघळत नाही.

म्हणूनच हा विषय मांडवापर्यंत येतो. पेणच्या कारखान्यांत मूर्तीच्या साच्यांचे तंत्र पिढ्यान्पिढ्या चालत आले. रबराचा साचा आणि बाहेरून प्लास्टरचे किंवा फायबरचे कवच हे आता सर्वत्र दिसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनासाठी २०१० साली मार्गदर्शक तत्त्वे काढली, २०२० साली ती अधिक कडक केली आणि मातीच्या मूर्तीवर भर दिला. तेव्हापासून महाराष्ट्राबाहेरच्या अनेक मंडळांप्रमाणे आपल्याकडेही दर बैठकीत सूचना येते, की देखाव्यासाठी मोठी मूर्ती फायबरची करून घ्यावी, दरवर्षी तीच ठेवावी, आणि पूजेची लहान मूर्ती शाडूची आणून तिचेच विसर्जन करावे.

माझे मत विचाराल तर सूचना चांगली आहे, पण तीन अटींवर. पहिली, ती मूर्ती निदान वीस-पंचवीस वर्षे ठेवायची तयारी हवी. दोन वर्षांनी "पोझ जुनी झाली" म्हणून बदलणार असू, तर तो न विरघळणारा कचरा आपण निर्माण केला. दुसरी, पुढून दर्शन घेण्याआधी तिची पाठ पाहावी. आतल्या बाजूला कोरडी मॅट, हवेचे फुगे, नखाने सुटणारे तंतू असतील तर पुढची चमक पाहून भुलू नये. तिसरी, जिथे ती घडते त्या शेडमध्ये समितीच्या दोघांनी एकदा जाऊन यावे. पंखा चालू आहे का आणि कारागिरांच्या तोंडावर कोणता मास्क आहे ते पाहावे. नसेल तर दोन हजार रुपये कमी करून घेण्याऐवजी चार चांगले मास्क त्यात धरायला सांगावेत.

मूर्ती मांडवात बसली की दिव्यांचा उजेड तिच्यावर पडेल आणि लोक म्हणतील, काय तेज आहे! त्या तेजामागे बर्झेलियस आहे, एलिस आहे, पियानो आणि बोटी आहेत, आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये डोळे मिटून पॅटर्नवरून फिरलेला एक तळहात आहे. वर्गणीच्या पावतीत त्याचे नाव नसते. निदान त्याचा श्वास मोकळा राहावा, एवढे तरी आपण पाहू.

गणपती बाप्पा मोरया!